किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन सापडला तर नेमकं काय नोंदवायचं?

पुळणवाट

नमस्कार मंडळी. रोज उजाडताना किनाऱ्यावर चालायची माझी जुनी सवय. गेल्या मंगळवारी ओहोटीच्या ओल्या रेषेवर काहीतरी काळं पडलेलं दिसलं. लांबून टायर वाटला. जवळ गेले तर डॉल्फिन, मेलेला. कुशीवर पडला होता. वरच्या बाजूचा डोळा नव्हता, तोंड जरासं उघडं आणि दातांच्या फटींत वाळू भरलेली. मोबाइलवर एक फोटो काढला, थोडा वेळ नुसती उभी राहिले आणि परत फिरले. घरी येऊन तीन ठिकाणी फोन लावले. प्रत्येकाने दुसऱ्याचा नंबर दिला. दुपारी पुन्हा गेले, तोवर भरती येऊन गेली होती आणि डॉल्फिन जागेवर नव्हता.

गुरुवारी तिथून तीन किलोमीटरवर एक डॉल्फिन लागल्याचं ओळखीच्या बाईंनी कळवलं. तोच की दुसरा? मला सांगता येईना. माझा फोटो एकच, तोही तोंडाकडून, सूर्य समोर. अशा नोंदी ठेवणाऱ्या एका अभ्यासकांनी फोनवर लांबी विचारली. मी म्हटलं, "असेल माझ्याएवढा." त्यावर पलीकडे बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

आणखी एक गोष्ट मनात अडकून आहे. दोन वर्षांपूर्वी इथेच एक जिवंत आला होता. पंधरा-वीस जणांनी शेपटीला धरून ओढत त्याला पाण्यात नेला. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तो खडकांत मेलेला सापडला. आमचं काय चुकलं?

मी ना अभ्यासक, ना डॉक्टर. माझ्यासारखीने पुढच्या वेळी काय करावं, आणि मेलेल्याची नोंद ठेवून खरंच काही होतं का, कोणी सांगेल का?

मोजणीदार

ताई, "माझ्याएवढा" हे उत्तर मीही एकदा देऊन बसलोय, तेव्हा लाजू नका. माझी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर किनाऱ्याला लागलेले डॉल्फिन आणि देवमासे मोजायला लागलो, आता तिसरी वही चालू आहे. घरचे म्हणतात, निदान जमिनीला वास तरी नव्हता.

आधी लांबी. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. शेपटीच्या दोन पात्यांच्या टोकांपर्यंत मोजायचं नाही आणि अंगावरून टेप फिरवायचा नाही. मी पहिल्या देवमाशाच्या पाठीवरूनच टेप टाकला होता. मेलेलं जनावर वायूने फुगतं, त्या फुगवट्यावरून टेप गेला आणि आकडा पाऊण मीटरने वाढला. आता जबड्याच्या टोकाशी वाळूत एक काठी रोवतो, खाचेशी दुसरी रोवतो आणि दोन काठ्यांमधलं अंतर मोजतो. जन्मभर खुंट्या ठोकलेल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं, पण नाकाला रुमाल बांधला की डोकं चालत नाही. टेप नसेल तर दोरी ताणा, दोन गाठी मारा आणि घरी जाऊन मोजा.

आता फोटो. तुमच्या एका फोटोने घोळ झाला, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. पूर्ण अंग एका बाजूने घ्या, खाली बसून, कॅमेरा काटकोनात धरून. उभं राहून तिरका काढला की जनावर फोटोत आखूड होतं. दुसरी बाजू दिसत असेल तर तीही. मग पाठीवरचा पर जवळून. डॉल्फिनची ओळख पटवायला याहून चांगलं काही नाही, कारण त्याच्या मागच्या कडेवरच्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. मग डोकं, दात, पोटाची बाजू, शेपटी वरून, आणि प्रत्येक जखम दोनदा: एकदा लांबून, म्हणजे ती अंगावर कुठे आहे ते कळेल, आणि एकदा जवळून. शेजारी मोजपट्टी हवीच. चप्पल ठेवू नका. ठेवलीच तर ती चप्पल नंतर मोजून लिहा. माझ्या वहीत "चप्पल 28 सेंमी" अशी एक नोंद अजून आहे.

नर की मादी हे पोटाकडून कळतं. मादीची जननेंद्रियाची चीर आणि गुदद्वार जवळजवळ एकाच रेघेत असतात, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना स्तनांच्या छोट्या चिरा असतात. नरात जननेंद्रियाची चीर बरीच पुढे, बेंबीकडे असते आणि दोहोंच्या मध्ये मोकळी जागा राहते. शंका असेल तर रकान्यात काही लिहू नका, फोटो काढा. बघणारा ठरवेल.

दात मोजता आले तर एका ओळीतलेच मोजा आणि ओळ कुठली ते लिहा. बॉटलनोज डॉल्फिनला एका ओळीत साधारण विसा-पंचविसाच्या घरात जाड दात असतात. स्पिनर जातीच्या डॉल्फिनला 45 च्या पुढे, बारीक, सुईसारखे. दात टोकदार नसून फावड्यासारखे चपटे असतील तर तो डॉल्फिन नव्हे, पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनसारखाच दिसणारा वेगळ्या कुळातला प्राणी. आणि दातांच्या जागी केसाळ झालरी लोंबत असतील, डोक्यावर एकाऐवजी दोन नाकपुड्या असतील, तर तुमच्यासमोर बलीन देवमासा आहे. मग आधी मोठा टेप आणा.

जनावराच्या अवस्थेला जगभर 1 ते 5 आकडे वापरतात. 1 म्हणजे जिवंत, 2 नुकताच मेलेला, 3 कुजायला लागलेला पण आतले अवयव अजून ओळखू येतील असा, 4 पार कुजलेला, 5 म्हणजे सुकलेलं कातडं किंवा हाडं. तुमचा मंगळवारचा 2 किंवा 3 असावा. एक सावधगिरी बाळगा. कुजताना वरची काळी कातडी पापुद्र्यासारखी सोलून निघते आणि खालचा पांढरा थर उघडा पडतो. "पांढरा डॉल्फिन सापडला" म्हणून मला आतापर्यंत किती फोन आले, मोजले नाहीत. एकही पांढरा नव्हता.

जागा लिहिताना मोबाइलमधले अक्षांश-रेखांश घ्या. वेळ लिहा, आणि भरती चालू होती की ओहोटी तेही. उधाणाच्या भरतीने वर फेकलेलं जनावर पुढच्या उधाणापर्यंत बहुधा तिथेच राहतं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत लागलेलं मात्र रोज चढत जाणारं पाणी पुन्हा उचलून नेतं आणि ते पुढच्या गावाला दुसरं म्हणून मोजलं जातं. म्हणून नोंद झाली की मी शेपटीच्या देठाला रंगीत सुती दोरी बांधतो. नायलॉनची नको, ती समुद्रात आधीच पुरेशी आहे.

तुमचा तोच की दुसरा याचं उत्तर कदाचित आत्ताच मिळेल. मंगळवारी वरच्या बाजूचा डोळा नव्हता म्हणता. ती बाजू डावी की उजवी? गुरुवारच्या फोटोत तीच बाजू दिसते का? डोळे पक्षी आधी काढतात, पण मंगळवारी गेलेला डोळा गुरुवारी परत येत नाही.

आणि हे सगळं बाहेरून. बघणं, मोजणं, फोटो काढणं एवढं आपलं काम. चिरणं, दात उपटणं, हाड घरी नेणं हे परवानगी असलेल्यांनी करायचं. जिवंतांबद्दल मी बोलत नाही, डॉक्टर आहेत इथे.

पुळणवाट

मंगळवारच्या फोटोत उजवी बाजू वर आहे. बाईंचा फोटो मागवून घेतला. त्यातही उजवी बाजूच वर आहे, आणि डोळा शाबूत! म्हणजे दोन डॉल्फिन होते. तीन दिवसांत दोन. आता मला बसल्या जागी कसंतरी होतंय.

मोजणीदार

दोन. लिहून ठेवा. पहिल्याची लांबी "मोजली नाही" अशीच लिहा. आठवणीतून आकडा भरू नका.

गुरांची डॉक्टर

पुळणवाट, तुम्ही टाळ्या वाजवल्या त्यात तुमचा दोष नाही, सगळेच वाजवतात. पण काय झालं असावं ते सांगते. मी गाई-म्हशींची डॉक्टर, समुद्री जनावरांचं प्रशिक्षण मागाहून घेतलं.

पाण्यात डॉल्फिनचं वजन पाणी पेलतं. वाळूवर ते सगळं त्याच्याच छातीवर आणि स्नायूंवर येतं. स्नायू चेचले जातात, त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं तुंबवतं. त्यात अंगावर चरबीचा जाड थर, म्हणजे तो उन्हात आतून शिजत असतो. अशा जनावराला पाण्यात ढकललं की ते पोहत जातं, आपल्याला वाटतं वाचलं, आणि एक-दोन दिवसांनी डोळ्याआड मरतं. तुमचा खडकांत सापडला म्हणून तुम्हाला कळलं तरी. शेपटीला धरून ओढल्याने मणके निसटू शकतात, ते वेगळंच.

एकटा लागलेला आणि कळपाने लागलेले यांत मोठा फरक आहे. एकटा आलेला बहुतेक वेळा आधीच आजारी किंवा जखमी असतो, म्हणून पाण्यात सोडण्याआधी तपासणी हवी. पायलट व्हेलसारखे कळपाने येतात तेव्हा त्यातले बरेचसे धडधाकट असतात. ते एकमेकांना सोडत नाहीत आणि उथळ, सपाट किनाऱ्यावर अडकतात. तिथे पाण्यात सोडण्याचे प्रयत्न करण्यात अर्थ असतो, पण एकेकाला सोडलं तर ते मागे राहिलेल्यांकडे वळून येतात. टास्मानियातल्या मॅक्वारी हार्बरमध्ये 2020 च्या सप्टेंबरमध्ये सुमारे 470 पायलट व्हेल लागले, त्यांतले शंभराच्या आसपास वाचवता आले. दोन वर्षांनी त्याच भागात पुन्हा दोनशेहून जास्त लागले. तमिळनाडूत मनपाडच्या किनाऱ्यावर 1973 मध्ये असाच मोठा कळप लागला होता, 2016 मध्ये पुन्हा लागला. आधीच्या खेपेची नोंद होती, म्हणून तरी "पुन्हा" म्हणता येतं.

प्रशिक्षित लोक येईपर्यंत हे करा. तो कुशीवर असेल तर हलक्या हाताने पोटावर आणा. दोन्ही बाजूंच्या परांखाली वाळू उकरून खड्डे करा, म्हणजे पर दुमडून दबणार नाहीत. फिकट रंगाचं ओलं कापड अंगावर टाका, पण डोक्यावरची नाकपुडी उघडी ठेवा आणि तिच्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. तो मासा नाही, फुफ्फुसात पाणी गेलं तर बुडेल. सावली करा. शेपटीपासून लांब राहा, तिच्या एका फटक्याने माणसाचं हाड मोडतं. श्वास मोजा, दर पाच मिनिटांनी, आणि लिहा. छोटे डॉल्फिन मिनिटाला साधारण 2 ते 5 वेळा श्वास घेतात. आकडा चढत गेला तर ताण वाढतोय असं समजा. मला पोहोचायला दोन तास लागतात. तिथे कोणी श्वासांचा कागद लिहून ठेवला असेल तर माझं अर्धं काम झालेलं असतं. सगळ्यात कठीण म्हणजे लोकांना लांब आणि गप्प ठेवणं. मुलाला पाठीवर बसवून फोटो काढणारे बाप मी पाहिलेत.

कधीकधी वेदनारहित मरण देणं हाच एक उपाय उरतो. ते औषध मृतदेहात राहतं आणि तो खाणाऱ्या कुत्र्या-पक्ष्यांना मारू शकतं, म्हणून तेही नोंदीत हवं.

हातमोजे, मास्क, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहणं, कुत्रा लांब: हे मेलेल्यालाही लागू. ब्रुसेला नावाचा जिवाणू यांच्यात सापडतो आणि तो माणसाला बाधू शकतो. गुरांपासून तो झालेले मित्र आहेत माझे, मजेची गोष्ट नाही.

नवखा

एक शंका. या डॉल्फिनच्या पोटात ती करोडोंची उलटी सापडते का?

मोजणीदार

नाही. ती, म्हणजे अंबरग्रिस, स्पर्म व्हेल या मोठ्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते, तीही थोड्यांच्याच. आणि ती उलटी नाहीच. बऱ्याच ठिकाणी ती नुसती जवळ बाळगणंही गुन्हा आहे. पुढे.

वल्हेकरी

आत्तापर्यंत वाचत होतो, आता बोलतो. आमची होडी आहे, जाळं टाकतो. किनाऱ्याला डॉल्फिन लागला की पहिलं बोट आमच्याकडे. पेपरात फोटो, खाली "मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून". कोणी विचारायला येत नाही, कोणी तपासत नाही. मागच्या वर्षी एक लागला, त्याचं पोट कुत्र्यांनी फाडलेलं, आणि छापून आलं की कोयत्याने मारला.

जाळ्यात येतात, नाही म्हणत नाही. कोणी मुद्दाम धरत नाही. तो आला की जाळं फाटतं, रात्र फुकट जाते. तो मेलेला असेल आणि शेपटी जाळ्यात गुरफटली असेल तर काही जण शेपटी कापून सोडवतात. बोलायचं कोणी नाही, कारण बोललं की चौकशी आपल्यालाच. तुम्ही लोक वह्या भरता, त्या वह्यांतून आमच्या मानेला फास तयार होतो. नोंद ठेवून आमचं काय भलं?

मोजणीदार

दादा, बरं झालं लिहिलंत. आपल्यातल्या निम्म्या नोंदी या एका गोष्टीने नासतात: लोक कारण आधी लिहितात आणि मग पाहतात.

माझ्या वहीत कारणाचा रकाना आहे आणि तो बहुतेक रिकामा आहे. मी लिहितो ते असं: "डाव्या परावर पुढच्या कडेला बारीक आडव्या रेषा", "शेपटीचं उजवं पातं नाही, कड सरळ", "पाठीवर समांतर, सारख्या अंतराच्या 5 वक्र जखमा". सरळ कड म्हणजे सुरी असू शकते. समांतर वक्र जखमा म्हणजे बोटीचा पंखा असू शकतो. पण ती जखम जिवंतपणी झाली की मेल्यावर, हे बाहेरून पाहून मला ठरवता येत नाही, म्हणून मी ठरवत नाही. फाटकं पोट आणि भोवती पंजांचे ठसे दिसले तर ठसेही लिहितो. तुमच्या त्या पेपरवाल्याने ठसे पाहिले नाहीत.

जमीन मोजताना आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं: फील्डबुकात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर एक आडवी रेघ मारा, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवा लिहा. कारण उद्या वाद झाला की दोघांनाही तीच वही लागते, ज्याची जमीन गेली त्यालाही आणि ज्याने घेतली त्यालाही.

तुमचं काय भलं, तेही सांगतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मेनच्या आखातात जाळ्यांत पॉरपॉइज फार अडकत. 1994 मध्ये तिथल्या मच्छीमारांच्याच जाळ्यांवर प्रयोग झाला. काही जाळ्यांना टिक-टिक आवाज करणारी छोटी उपकरणं लावली, काहींना तशीच पण मुकी. मुक्या जाळ्यांत 25 पॉरपॉइज आले, आवाजाच्या जाळ्यांत 2. प्रत्येक जातीवर ही युक्ती चालत नाही, पण तिथे चालली. किती येतात, कुठे येतात हे आधी कोणीतरी लिहिलं नसतं तर उरलं असतं फक्त "मासेमारी बंद करा".

आणि दोष नेहमी जाळ्याचाच निघतो असंही नाही. बहामा बेटांवर 15 मार्च 2000 पासून दीड दिवसात 17 जनावरं किनाऱ्याला लागली, बरीचशी चोचवाले देवमासे, जे खोल समुद्र सोडून सहसा दिसतही नाहीत. तिथे केन बाल्कम्ब नावाचे संशोधक राहत होते. ते आधी अमेरिकेच्या नौदलात होते, पाण्याखालचे आवाज ऐकण्याचंच काम. त्यांनी फोटो घेतले, जागा आणि वेळा लिहिल्या, आणि मेलेल्यांची डोकी कापून गोठवून ठेवली. त्या डोक्यांत कानाभोवती रक्तस्राव सापडला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या नौदलानेच मान्य केलं की त्यांच्या जहाजांचा सोनार, म्हणजे पाण्यात आवाज सोडून शोध घेणारं यंत्र, याला कारणीभूत असावा. त्या सकाळी कोणी फक्त पुरून टाकलं असतं तर "देवाची करणी" म्हणून प्रकरण मिटलं असतं.

पुळणवाट ताई, तुमच्या "खरंच काही होतं का" याचं माझं आवडतं उत्तर न्यूझीलंडचं आहे. डिसेंबर 2010 मध्ये तिथे ओपापे नावाच्या किनाऱ्यावर एक चोचवाली मादी आणि तिचं पिल्लू लागलं आणि मेलं. आलेल्या कर्मचाऱ्यांनी ओळखलं ते नेहमीच्या, तिथे बरेचदा लागणाऱ्या जातीचं म्हणून. चुकीचं ओळखलं. पण मोजमाप घेतलं, फोटो काढले, मांसाचा लहानसा तुकडा ठेवला आणि मग पुरलं. पुढे त्या तुकड्याचा डीएनए तपासला तर ती कुदळदाती चोचवाल्या देवमाशाची जोडी निघाली. या जातीचा पहिला जबडा 1872 मध्ये सापडला होता, नंतर मोजकी हाडं, बस्स. पूर्ण जनावर तोवर कोणी पाहिलंच नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनाही कळलं नव्हतं. पुरलेली जागा माहीत होती म्हणून नंतर हाडं उकरून काढता आली. चुकलेल्या नावाने काही बिघडलं नाही, कारण नावाच्या बाजूला बाकीचं सगळं नीट होतं.

पुरण्यावरून आठवलं. माझ्या दुसऱ्या वहीत एका मोठ्या देवमाशाच्या नावापुढे "कवटी: नाही" असं आहे. मी मोजून कळवलं होतं की थांबा, अभ्यासक येताहेत. यंत्र आधी आलं. त्याने ढकलता ढकलता कवटीचे चार तुकडे केले आणि कुठे पुरले तेही कोणाला सांगता आलं नाही. तेव्हा पुरताना तिथे उभे राहा आणि जागेचे आकडे घ्या. निदान आपल्याकडे कोणी सुरुंग तरी लावत नाही. ओरेगॉनमध्ये 12 नोव्हेंबर 1970 ला मेलेला स्पर्म व्हेल हटवायला अर्धा टन डायनामाइट लावला होता. चरबीचे तुकडे बघ्यांवर पडले, लांब उभी केलेली एक मोटार चेपली, आणि देवमाशाचा मोठा भाग होता तिथेच राहिला.

वल्हेकरी

रिकाम्या रकान्याचं पटलं. पण तुमच्यासारखे किती?

मोजणीदार

कमी. म्हणूनच ताईंना एवढं लांबलचक लिहिलं.

पुळणवाट

तीन आठवड्यांनी लिहितेय. आज पहाटे पुन्हा एक. या वेळी पिशवीत टेप, हातमोजे, पट्टी, सुती दोरी होती. नवरा म्हणाला, चालायला चाललीस की चोरी करायला? आधी फोन केला आणि फोनवरच्या माणसाचं नाव, वेळ लिहून घेतली. मग हे:

सकाळी 6.40, ओहोटी चालू, उधाणाच्या रेषेच्या दोन पावलं खाली. अवस्था 3, डाव्या कुशीवरची कातडी सुटायला लागलेली, आत पांढरं (मला माहीत होतं, म्हणून दचकले नाही). लांबी 1.94 मीटर, दोन काठ्या रोवून. आधी 1.99 आलं होतं, शेपटीची काठी तिरकी होती, त्यावर रेघ मारली, खोडलं नाही. मादी असावी, फोटो काढलाय. दात 24. दोन्ही डोळे आहेत. पाठीवरच्या पराला मागे वरून तिसऱ्या भागात एक खोल खाच. उजव्या परावर पुढच्या कडेला तीन बारीक रेषा. जात: बहुधा बॉटलनोज. कारण: रिकामं. शेपटीला लाल दोरी बांधली. फोटो 17.

वास कपड्यांना अजून येतोय. लिहायचं विसरले असं काही आहे का?

मोजणीदार

दात कुठल्या ओळीतले?

पुळणवाट

वरची डावी. आत्ता लिहिलं.

गुरांची डॉक्टर

पाठीचा कणा आणि मानेमागचा भाग कसा दिसत होता? भरलेला की खोलगट? आजाराने वाळलेल्या जनावराच्या मानेमागे खळगा पडतो.

पुळणवाट

भरलेला. फोटो 4 मध्ये दिसतोय. हेही लिहिते.

वल्हेकरी

त्या तीन रेषांमधलं अंतर किती? सांगा, जाळं कुठलं असेल ते मी सांगतो. आणि ते आमच्याकडचं निघालं तर तसंही सांगतो.

पुळणवाट

जागेवर मोजलं नाही हो. फोटोत पट्टी आहे, त्यावरून 6 सेंमी येतंय. पण फोटो जरा तिरका आलाय, म्हणून वहीत "अंदाजे" लिहिलंय. दुपारी भरतीच्या आधी परत जाऊन मोजते.